इबेरचा दिव्हर्तिस्माँ की फ्रांसेची सेरेनेड? आणि पुण्यात बासूनचं काय करायचं?

तिसरी_घंटा (धागाकर्ता)

जानेवारीअखेरीस पुण्यात एका जेमतेम चारशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात पाश्चात्त्य संगीताचा तासाभराचा कार्यक्रम आहे. गंभीर रचना ठरल्या आहेत. शेवटी पंधरा मिनिटांचं काहीतरी खुसखुशीत फ्रेंच हवं आहे. दोन नावं समोर आहेत: ज्याँ फ्रांसेची छोट्या वाद्यवृंदासाठीची सेरेनेड (१९३४) आणि झाक इबेरचा दिव्हर्तिस्माँ, म्हणजे करमणुकीची रचना (१९३०).

वादक असे: वायोलिन ४, व्हायोला २, चेलो २, डबल बेस १, बासरी म्हणजे आडवी चांदीची (पिकोलोही वाजवतात), क्लॅरिनेट २, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, पियानो, तालवाद्यांना दोघं. ओबो नाही, बासून (दुहेरी पातीचं खर्जातलं लाकडी वाद्य) नाही, हॉर्न (गोल वळवलेलं पितळी वाद्य) नाही. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्यांकडे बास क्लॅरिनेट आहे. ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन बँड परंपरेतले आहेत. वाचन चांगलं, आवाज दणदणीत.

प्रश्न चार.
१) दोन्हींपैकी कोणती बसेल?
२) बासून आणि हॉर्न कशावर घ्यावेत? एक सूचना आली आहे की कीबोर्डवर बासूनचा आवाज लावा.
३) स्वरलेखन बदललं तर हक्कांचा काही घोळ होईल का?
४) इबेरच्या रचनेत मेंडेलसोनचा लग्नाचा मार्च येतो. तिथे आपल्या मंगलाष्टकांची चाल घातली तर पुणेकर जास्त हसतील, असं एकाचं म्हणणं आहे. तुम्हाला काय वाटतं?

---

मंद्रसप्तक

पहिला प्रश्न तुमच्या यादीनेच सोडवला आहे. फ्रांसेच्या सेरेनेडला बारा वाद्यं लागतात: बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बासून, हॉर्न, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि पाच तंतुवाद्यं. सुषिरवाद्यांच्या सातपैकी तीन जागा तुमच्याकडे रिकाम्या. तिथे प्रत्येक वाद्य एकेकटं उघडं असतं, त्यामुळे तीन बदली म्हणजे वेगळीच रचना. इबेरमध्ये मुळात ओबो नाही. म्हणजे दोनच जागा भरायच्या, आणि तंतुवाद्यांचा तुमचा आकडा त्याला अगदी बेताचा आहे. इबेर घ्या.

हक्कांचं उत्तरही तिकडेच झुकतं. भारतात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतरचं कॅलेंडर वर्ष सुरू झाल्यापासून पुढे ६० वर्षं. इबेर १९६२ साली गेले, म्हणजे ३१ डिसेंबर २०२२ ला इथली मुदत संपली. आता भारतात तुम्ही बासूनचा पार्ट (त्या वाद्यापुरतं स्वरलेखन) बास क्लॅरिनेटसाठी लिहून काढलात तर कोणाची परवानगी लागत नाही. फ्रांसे १९९७ साली गेले. त्यांचा हक्क २०५७ अखेरपर्यंत आहे. हौशी मंडळाने तिकीट न लावता केलेल्या सादरीकरणाला कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, पण ती सूट वाजवण्यापुरती. वाद्यं बदलून नवं लेखन करायला किंवा पार्टच्या झेरॉक्स काढायला ती लागू नाही.

यात दोन गोम आहेत. प्रकाशकाकडून पार्ट भाड्याने आणले तर भाड्याचा करार वेगळा असतो. त्यात 'प्रत काढू नये, बदल करू नये' लिहिलं असेल तर ते पाळावं लागतं, रचना मुक्त असली तरी. दुसरी गोम चित्रफितीची. युरोपात मृत्यूनंतर ७० वर्षांचा हिशोब चालतो, म्हणजे तिथे इबेर अजून मुक्त नाही. कार्यक्रमाची फीत यूट्यूबवर टाकली की बाहेरून दावा येऊ शकतो. फीत सभासदांपुरती ठेवा.

कीबोर्डवरचा बासून नको. बासूनची गंमत स्वराच्या सुरुवातीत असते. दुहेरी पातीमुळे स्वर एकदम, कोरडा, 'टक्' करून उमटतो आणि तसाच तुटतो. कीबोर्डवर ती सुरुवात नेहमी एकसारखी येते. शिवाय आवाज एका खोक्यातून एकाच दिशेने येतो, त्यामुळे शेजारच्या क्लॅरिनेटशी तो मिसळतच नाही. ऐकणाऱ्याला बासून ऐकू येत नाही, स्पीकर ऐकू येतो.

---

पाती_आणि_बूच

बदली वाद्यांबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथेच बहुतेक मंडळी चुकतात.

*बासून.* पहिला पर्याय अस्सल बासूनच. मुंबईत एनसीपीएमध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, त्यामुळे बासूनवाले या भागात अगदीच दुर्मीळ राहिलेले नाहीत. एक वादक, दोन तालमी आणि कार्यक्रम एवढं जमत असेल तर पुढचं वाचूच नका.

नाही जमलं तर बास क्लॅरिनेट. पण आधी वाद्य उलटं करून त्याची शेवटची कळ बघा. बासूनचा सर्वांत खालचा सूर म्हणजे तळातला बी-फ्लॅट. खालच्या सी पर्यंत जाणारं लांब बास क्लॅरिनेट असेल तर त्याचा लिहिलेला सी बरोबर त्याच बी-फ्लॅटवर उमटतो, काही सुटत नाही. खालच्या ई-फ्लॅटवर थांबणारं आखूड वाद्य असेल तर प्रत्यक्ष उमटणारा शेवटचा सूर डी-फ्लॅट. त्याच्या खालच्या तीन सुरांपैकी सी दुसऱ्या चेलोला किंवा डबल बेसला, आणि बी, बी-फ्लॅट डबल बेसलाच द्यावे लागतात, कारण चेलो सी च्या खाली जात नाही. ते आधीच पेन्सिलने खूण करून द्या. तालमीत "तो सूर तू घे रे" सुरू झालं की अर्धा तास जातो.

लेखन: बासूनचा पार्ट बास क्लेफमध्ये (क्लेफ म्हणजे कुठल्या ओळीवर कुठला सूर ते ठरवणारं चिन्ह), मधूनच टेनर क्लेफमध्ये चढतो. बास क्लॅरिनेटसाठी ट्रेबल क्लेफमध्ये एक सप्तक आणि वर एक पूर्ण स्वर चढवून लिहायचं. टेनर क्लेफमध्ये चौथ्या ओळीवर मधला सी असतो, हे विसरून तो भाग बास क्लेफ समजून उतरवला की सगळं एका पंचमाने खाली जातं. आणि ऐकताना लगेच कळतही नाही, कारण पंचम गोड लागतो. उतरवून झाल्यावर फक्त क्लेफ बदलाच्या जागा पियानोवर वाजवून तपासा.

वाजवताना बास क्लॅरिनेटवाल्यांना एकच सूचना: स्वर जिभेने सुरू करा आणि जिभेनेच थांबवा. नेहमीच्या सवयीने स्वर श्वासाने गोल बंद केला की मखमली होतो. इथे मखमल नको, खादी पाहिजे.

चेलोवर बासून घ्यावा का? सूर सी पर्यंत मिळतात, पण तो आवाज बाकीच्या तंतुवाद्यांत विरघळतो आणि विनोद करणारं पात्रच रंगमंचावरून गायब होतं. बॅरिटोन सॅक्सोफोन चालेल, पण हळू वाजवणारा हवा. तो सापडला तर कळवा.

*हॉर्न.* लष्करी बँडमधून निवृत्त झालेले हॉर्नवादक पुण्यात असतात. कॅम्प, वानवडी भागात चौकशी करा. नाहीच मिळाले तर आल्टो सॅक्सोफोन. हॉर्नचा पार्ट एफ मध्ये असतो (लिहिलेला सी एफ उमटतो), आल्टो ई-फ्लॅटमध्ये, म्हणून लिहिलेला प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर वर चढवायचा. आल्टोचा शेवटचा सूर प्रत्यक्षात डी-फ्लॅट उमटतो. हॉर्न त्याखाली गेला की तो सूर ट्रॉम्बोनला म्यूट (तोंडात बसवायचं, आवाज दाबणारं बूच) लावून द्या. सॅक्सोफोनवाल्यांना कंप अजिबात घालू देऊ नका, नाहीतर लगेच हॉटेलातला बँड वाटतो.

*ट्रम्पेट.* फ्रेंच पार्ट बहुधा सी ट्रम्पेटसाठी असतो. आपल्याकडचे वादक बी-फ्लॅट घेऊन येतात आणि पहिल्या तालमीत सगळं एक स्वर खाली वाजतं. पार्ट पूर्ण स्वर वर चढवून आधीच छापून द्या, जागेवर मनातल्या मनात बदलायला लावू नका. ही रचना जलद आहे.

बँडमधली वाद्यं असतील तर पहिल्याच दिवशी ट्यूनर लावून बघा. जुनी 'हाय पिच'ची, म्हणजे चढ्या सुराची, वाद्यं ए = ४५२ हर्ट्झच्या आसपास असतात. ट्यूनिंगची नळी पूर्ण ओढूनही ती नेहमीच्या ४४० ला नीट येत नाहीत, कारण मग कळांच्या नळ्यांचं प्रमाण बिघडतं. तसं वाद्य निघालं तर वाद्यच बदला.

---

पेठेतला_पियानो

वरच्या सगळ्याला दुजोरा. मी पियानो, हवा आणि नाट्यगृह यांवर लिहितो.

या रचनेत पियानो साथीला नाही, तालवाद्यांचा थोरला भाऊ आहे. शेवटच्या भागाची सुरुवातच पियानोच्या खडबडीत, मुद्दाम बेसूर स्वरसमूहांनी होते. इथे पियानोवादक दोन चुका करतात. एक, सगळी बोटं सारख्या जोराने आपटतात. प्रत्येक समूहातला वरचा सूर किंचित पुढे आला तरच त्यातून ओळ ऐकू येते. नाहीतर नुसता पाटा-वरवंटा. दोन, स्वर बेसूर आहेत म्हणून लयही सैल सोडतात. लिहिलेल्या मात्रा काटेकोर मोजल्या तर ऐकणारा चमकतो. सैल सोडल्या तर त्याला वाटतं की वादक चुकला.

झाकण आखूड काठीवर ठेवा, पूर्ण उघडं नको. पियानो तंतुवाद्यांच्या मागे, मधोमध. सेलेस्टाचे (घंटीसारख्या आवाजाच्या छोट्या पियानोवजा वाद्याचे) सूर मात्र कीबोर्डवर घ्यायला हरकत नाही, तिथे सुरुवातीचा कोरडेपणा महत्त्वाचा नाही. छोटा स्पीकर वादकाच्या पाठीमागे जमिनीवर ठेवा, नाट्यगृहाच्या मोठ्या स्पीकरला जोडू नका.

पियानो कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी लावून घ्या, पण वातानुकूलन चालू करून तासाभराने. तापमान एक अंशाने वाढलं की सुषिरवाद्यांचा सूर सुमारे ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. जानेवारीत पुण्यात सकाळी १२ अंश आणि दुपारी ३० अंश हे नेहमीचं आहे. विंगेत थंड पडलेलं क्लॅरिनेट आणि दिव्यांखाली तापलेलं क्लॅरिनेट यांत ३० सेंटचा फरक सहज पडतो. पियानो बिचारा हलत नाही. म्हणून वादकांनी वाद्यं रंगमंचावर निदान वीस मिनिटं आधी आणावीत. लाकडी क्लॅरिनेट थंडीच्या कोरड्या हवेत एकदम फुंकून गरम केलं तर वरचा तुकडा तडकतो. आधी हातात धरून, काखेत घेऊन कोमट करा. पात्यांच्या डबीत आर्द्रता राखणारी पुडी ठेवा.

आता नाट्यगृह. आपली नाट्यगृहं शब्द ऐकू यावेत म्हणून बांधलेली आहेत. काळे पडदे, विंगा, वरच्या झालरी, सगळं कापड. ते वायोलिनचा आवाज पिऊन टाकतं आणि ट्रम्पेटचं काहीही बिघडवत नाही. मागचा काळा पडदा उघडा आणि तंतुवाद्यांच्या मागे ८ बाय ४ फुटांचे प्लायवूडचे चार फ्लॅट उभे करा, किंचित प्रेक्षकांकडे कललेले. नेपथ्यवाल्यांकडे असतातच. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन डाव्या-उजव्या टोकाला नव्हे, एकाच बाजूला, आणि त्यांची तोंडं प्रेक्षकांकडे न ठेवता समोरच्या विंगेकडे; ते कापड तिथे मुद्दाम राहू द्या. ट्रॉम्बोनच्या पुढे चार फूट मोकळे सोडा, नाहीतर नळी व्हायोलावाल्यांच्या मानेत.

एवढं करूनही चार वायोलिनसमोर दोन पितळी वाद्यं जड होतात. त्यांच्या पार्टवर जिथे मोठ्याने लिहिलं आहे तिथे एक पायरी कमी करून पेन्सिलने लिहून द्या. तोंडी सांगितलेलं कार्यक्रमाच्या दिवशी विसरलं जातं. सरळ म्यूट आणि कप म्यूट यांची अदलाबदल करू नका. सरळ म्यूटचा आवाज टोकदार, नाकातला असतो, आणि तोच इथे हवा आहे.

---

झालर_आणि_विंग

चौथ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मंगलाष्टकं घालू नका.

आधी प्रसंग काय आहे ते बघा. ही रचना इबेरने लाबीशच्या १८५१ सालच्या फार्ससाठी केलेल्या नाट्यसंगीतातून निघाली आहे. लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या घोड्याने एका बाईची इटालियन गवताची टोपी खाल्ली. तशीच टोपी शोधून दिल्याशिवाय बाई हलायला तयार नाही, कारण तिचा नवरा संशयी. मग नवरदेव गावभर टोपी शोधत पळतो आणि आख्खं वऱ्हाड, सासऱ्यासकट, काय चाललंय ते न कळता त्याच्या मागे पळतं. सहा भागांपैकी दुसरा 'कॉर्तेज', म्हणजे मिरवणूक. आपल्या भाषेत वरात. लग्नाचा मार्च तिथे येतो तो या पळापळीच्या मध्ये. विनोद धुनेत नाही, धून कुठे येऊन आदळते त्यात आहे.

मंगलाष्टकं बसणारही नाहीत. ती शार्दूलविक्रीडितात, चरणाला १९ अक्षरं, म्हणण्याची लय लवचिक, जवळजवळ ठेक्याशिवाय. मार्च सरळ चार मात्रांचा. बसवायचं तर चाल मोडावी लागेल, आणि मोडलेली चाल पहिल्या दोन सेकंदांत ओळखू येणार नाही. मेंडेलसोनचा मार्च पुण्यातल्या प्रेक्षकाला सिनेमांतून आणि चर्चमधल्या लग्नांतून चांगला माहीत आहे. त्यापेक्षा कार्यक्रमपत्रिकेत टोपी आणि घोड्याच्या तीन ओळी मराठीत छापा. निवेदकाने सांगायच्या असतील तर सुरुवातीला एकदाच. प्रत्येक भागाआधी माईकवर येऊन "आता बघा हं गंमत" नको.

आणि वादकांनी चेहरे करू नयेत. फार्समधला नट स्वतः हसला की प्रेक्षक थांबतो, हे नाटकवाल्यांना सांगावं लागत नाही. संगीतवाल्यांना सांगावं लागतं. मार्च आला की सगळे छाती फुगवून लय अर्धी करतात, जणू "ओळखलंत ना?" असं विचारतात. लय तीच ठेवा, आवाज तेवढाच ठेवा, तो सूर जसा रस्त्यात आडवा आला तसा सोडून पुढे पळा.

---

मंद्रसप्तक

शेवटचा परिच्छेद छापून प्रत्येक स्टँडवर चिकटवावा.

त्याला जोडून, बाकी भागांत काय बिघडतं ते थोडक्यात. नोक्टर्न, म्हणजे रात्रीचा शांत भाग, लहान आहे म्हणून तालमीत कोणी हात लावत नाही आणि तिथेच व्हायोला-चेलोंचे सूर उघडे पडतात. तो कंप न घालता एकदा, मग कंपासह, असा वाजवून घ्या. वॉल्ट्झमध्ये निळ्या डॅन्यूबची आठवण करून देणारी वळणं आहेत. तिथे व्हिएन्नाच्या पद्धतीने दुसरी मात्रा किंचित लवकर घ्या, पण फक्त तिथे. सगळाच वॉल्ट्झ तसा डोलवला तर टिंगल कशाची चालली आहे ते कळत नाही.

'परेड' दुरून जवळ येते आणि निघून जाते. आवाज वाढतो तशी लय वाढते, हा हमखास दोष. मेट्रोनोम पहिल्या मात्रेवर न लावता दुसऱ्या मात्रेवर लावून सराव करा. पळायला लागलात की दुसऱ्या मात्रेचा टोला लगेच पायात येतो. आणि जाताना आवाज कमी करायचा आहे, दम नाही. शेवटचे बार तंतुवाद्यांनी सगळ्यात कमी गज वापरून, गजाच्या टोकाजवळ.

फिनाले, म्हणजे शेवटचा भाग, पहिल्या तीन तालमींत ठरलेल्या लयीच्या ६० टक्क्यांवर, पुढच्या दोनमध्ये ८० वर. पूर्ण लयीत फक्त शेवटच्या दोन. जलद गॅलप पहिल्या दिवसापासून जलद वाजवला की चुका पाठ होतात.

---

तिसरी_घंटा

सर्वांचे आभार. इबेर नक्की. मंगलाष्टकांची सूचना मागे घेतली आहे. सुचवणाऱ्याने वृत्ताचा मुद्दा मान्य केला, टोपीचा नाही.

शेवटची शंका: फिनालेत पोलिसाची शिट्टी आहे. ती कोणी वाजवायची? तालवाद्यवाल्या दोघांचेही हात तिथे अडकलेले आहेत.

---

पाती_आणि_बूच

हात अडकलेत, तोंड नाही. शिट्टी दोरीने गळ्यात लोंबकळत ठेवली की ऐनवेळी दोन्ही हात काठ्यांत आणि शिट्टी सदऱ्यावर. हार्मोनिका अडकवतात तशी तारेची पट्टी गळ्यात घाला, शिट्टी ओठांपासून दोन बोटांवर राहते, मान पुढे केली की झालं.

आत गोटी असलेली धातूची शिट्टी घ्या, वाहतूक पोलिसांच्या हातात दिसते तशी. गोटी नसलेल्या प्लास्टिकच्या शिट्टीचा आवाज सरळ येतो, थरथरत नाही, खेळाच्या मैदानासारखा वाटतो. गोटीच्या शिट्टीचा एक दोष: आत थुंकी साचली की गोटी चिकटते आणि नुसती हवा येते. म्हणून 'परेड' संपल्यावर ती उलटी करून एकदा झटका. तालमीत ती पिकोलोवाल्यांच्या कानाजवळ फुंकू नका, तोंड विंगेकडे वळवा. आणि दोन शिट्ट्या आणा. दुसरी कंडक्टरच्या खिशात.

---

झालर_आणि_विंग

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांना आणि दारावरच्या माणसाला शिट्टीची कल्पना आधी द्या. रंगीत तालमीत शिट्टी वाजली की कोणीतरी दिवे लावतं.